साकेंनी गाळलेला प्रसंग

दर वर्षी सिनेमा शिकणारी कुणीतरी मुलं माझं घर शोधत येतात. चहा पितात, तळलेले बोरसोक खातात, भिंतीवरचे फोटो बघतात आणि मग हळूच विचारतात, "कुलिपा एजे, साकेंनी तो प्रसंग का लिहिला नाही?"

साके म्हणजे सादिरकुल. आमच्यात माणसाचं नाव तोडून त्याला 'के' जोडला की तो मान; आणि मोठ्या बाईला 'एजे' म्हणायचं, ताईसारखं. त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, काही पटकथा लिहिल्या, आणि जन्मभर दोन खोल्यांच्या घरात राहिले. मी फ्रुन्झे शहरातल्या सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. आता त्या शहराचं नाव बदललंय, स्टुडिओतही दुसरी माणसं बसलीत, पण साकेंचा तो युद्धाच्या दिवसांतला सिनेमा अजून दाखवतात. त्यात डोंगरावरून तीन म्हातारे घोड्यांवरून खाली येतात. कुत्री भुंकतात. आई कपाळावर हात धरून बघत उभी राहते. पुढचं दृश्य एकदम बर्फाचं, ती एकटीच मेंढ्यांना गवत घालतेय. मुलगा गेला हे कुणी तिला सांगितलं, कसं सांगितलं, काहीच नाही.

शहाण्या लोकांनी यावर लेख लिहिलेत. केवढा संयम, म्हणे. केवढी जाण. संयम कसला डोंबलाचा! तो प्रसंग लिहिलेला होता, तालमी झाल्या होत्या, आईचा काळा पोशाख मी माझ्या हातांनी शिवला होता. मुलांना मी हे सांगत नाही. त्यांना त्यात धडा हवा असतो, आणि मला धडे देता येत नाहीत.

साके दिसायला अगदीच सामान्य. कान मोठे, कोट जुना, खिशात कायम खायचं काहीतरी. युद्धात बाप गेलेल्या मुलाची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. लिहायचे खिडकीशी उभे राहून. लिहून झालं की दिग्दर्शकाकडे जायच्या आधी माझ्या खोलीत यायचे आणि वाचून दाखवायचे. मी शिवत बसलेली असायची.

"साके, मला काय कळतंय त्यातलं?" मी पहिल्यांदा म्हटलं होतं.

"तू काही बोलूच नकोस," ते म्हणाले. "तू सुईत दोरा ओवायला खाली बघितलंस की मी तिथे फुली मारतो. तेवढा भाग कंटाळवाणा. आणि सुई हातात तशीच राहिली की समजायचं, इथे हात लावायचा नाही."

"आणि मला झोप लागली तर?"

"तर मी मेंढ्या वळायला परत गावी जातो."

असं ते बोलणं. मला सांगायचे तशीच ते ड्रायव्हरांना, स्वयंपाकिणीलाही गोष्ट सांगायचे आणि टक लावून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. म्हणायचे, "गोष्ट माझ्या तोंडात नसते, कुलिपा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. मी फक्त तिथपर्यंत जायची वाट करून देतो. शेवटचं पाऊल त्याचं त्यानं टाकायचं. मी त्याच्या आधी पोचलो तर सगळं वाया." कादंबरी आणि सिनेमा यांतला फरक विचारला की म्हणायचे, "कादंबरीत मी बाईच्या मनात जाऊन पाय पसरून बसतो. सिनेमात मला दारात उभं करतात, जोडे हातात घेऊन. आत काय चाललंय ते तिच्या पाठीवरून ओळखायचं."

"मग दारात तिष्ठत कशाला राहता? लिहा ना आपल्या कादंबऱ्या."

"बाई, पगार दारातच वाटतात."

अशी गोष्ट सांगायला ते शिकले कुठे, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आमच्यात मेल्याची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. तिला 'ऐकवणं' म्हणतात. गावाला कळलेलं असतं, फक्त ज्याचं माणूस गेलं त्यालाच ठाऊक नसतं. मग वडीलधारी माणसं सकाळी त्याच्या घरी जातात, चहा घेतात, आणि भलतंच काहीतरी बोलू लागतात. घोडा सुटून गेला तर काय करावं, झाड पडलं तर सावली कुठे शोधावी. ऐकणारा उत्तरं देत जातो, आणि देता देता त्याचं त्यालाच उमगतं. साकेंचे वडील युद्धात गेले तेव्हा ते लहान होते, आईच्या मागे बसून जर्दाळू खात होते. म्हाताऱ्यांनी गरुडाची गोष्ट काढली. शेवटचं वाक्य यायच्या आधीच आईची पाठ बदलली, असं ते म्हणाले. कशी बदलली ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. कादंबरीत त्यांनी ते लिहून पाहिलं आणि त्यांना ते आवडलं नाही. सिनेमात तरी ती पाठ दिसेल, एवढ्यासाठी तो सगळा सिनेमा लिहिला होता. इतर सगळं त्या प्रसंगापर्यंत पोचायचा रस्ता.

शूटिंगला आम्ही नारीन शहराच्या वरच्या अंगाला एका गावात गेलो. दिग्दर्शक शामिरबेक, मॉस्कोहून शिकून आलेला, हुशार आणि भारी घाईचा. आईच्या कामाला शहरातली नटी आणली होती. साकेंनी तिला दोन दिवस पाहिलं आणि म्हणाले, "ही पाठसुद्धा तोंडासारखी वापरते." गेली बिचारी परत. मग ते गावभर हिंडले आणि ऐमकान आपाला घेऊन आले; आपा म्हणजे आई, पण वयानं मोठ्या बाईला सगळेच तसं म्हणतात.

ऐमकान आपा विधवा. नवरा युद्धात गेला, मागे एकच मुलगा, जेकशेन. तो ट्रक चालवायचा, फ्रुन्झेहून माल घेऊन डोलोनच्या घाटातून नारीनला. मी आपाच्याच घरी उतरले होते. तोंडाची फटकळ बाई, पण जीव लावणारी. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढी वाळलेली कशी गं तू? शहरात काय कपडेच खातात?" दोन सापळे एकाच चुलीपाशी नकोत म्हणाली आणि मला कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पाजत सुटली.

गावातल्या काही बायकांनी तिला सांगितलं, हे काम घेऊ नकोस. ऐकवण्याचा कुणी खेळ करतं का? आपा म्हणाली, "माझं ऐकवून झालंय गं. वीस वर्षांपेक्षा जास्त झाली. आता मला काय कुणी ऐकवणार आहे?" प्रसंगातले तीन म्हातारे गावातलेच. त्यांचे पुढारी ओस्मोनाली आके, आके म्हणजे थोरले दादा; सगळ्या खोऱ्यात कुठेही कुणी गेलं की ऐकवायला त्यांनाच बोलवायचे. आपाच्या नवऱ्याची बातमीही त्यांनीच ऐकवली होती. साकेंनी लिहिलेले शब्द त्यांनी एकदा ऐकले आणि म्हणाले, "बरोबर आहे. असंच बोलतात."

तालमी सुरू झाल्या. ओस्मोनाली आके विचारायचे, "हातावरचा गरुड उडाला आणि परत आला नाही, तर पारध्यानं काय करावं?" आपा म्हणायची, "वाट बघावी." "हिवाळा सरला तरी आला नाही तर?" "दुसरा हिवाळा बघावा." "आणि कुणी म्हणालं, तो कड्याखाली पाहिला, तर?" मग आपा गप्प राहायची, आणि मग म्हणायची, "तर हातातला चामडी मोजा काढून ठेवावा." तेवढंच. पण ती असं म्हणायची की मी दोनदा सुई बोटात टोचून घेतली. साके कोपऱ्यात उभे राहून बघायचे. त्यांचा चेहरा मी तेवढा उजळलेला परत कधी पाहिला नाही.

मधल्या एका तालमीला जेकशेन येऊन टपकला. ट्रक रस्त्यावर उभा करून, हातात टरबूज घेऊन. दारात उभं राहून सगळं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आपा, कुणासाठी गं मोजा काढतेयस? मी इथे उभा आहे ना!"

"मेल्या, शुभ बोल!" आपानं त्याच्या अंगावर उशी फेकली. "आणि टरबूज खाली ठेव, पाडशील."

"आता सिनेमावाली झालीस. मला ओळख तरी देशील ना?"

"लग्न कर, मग देते. सून आली की तिला कळू दे तिची सासू कोण आहे."

सगळे हसले. टरबूज कापलं, सगळ्यांनी खाल्लं. जाताना तो मला म्हणाला, "एजे, तिला काळा पोशाख घालणार आहात ना, तेवढा शूटिंग झालं की लगेच काढून घ्या. मला नाही बघवत." पुढच्या खेपेला येतो म्हणाला आणि गेला.

शूटिंग ज्या दिवशी ठरलं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी ओस्मोनाली आके आमच्या लोकांनी राहायला घेतलेल्या शाळेत आले. घोड्यावरून उतरले आणि तिथेच लगाम धरून उभे राहिले. डोलोनच्या घाटात ट्रक दरीत गेला होता. जेकशेन जागच्या जागी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला गावी आणणार होते. "सकाळी ऐकवायला हवं," ओस्मोनाली आके म्हणाले. "तिनं ट्रकमागे बसलेली माणसं बघून ओळखायला नको."

मी तो काळा पोशाख इस्त्री करत होते. इस्त्री हातातच राहिली. मी रडायला लागले होते, आणि तेवढ्यात शामिरबेकचा आवाज आला. हळू आवाज, अगदी समंजस. म्हणाला, "साके, कॅमेरा आपाच्या घरासमोरच्या गोठ्यात लावून ठेवू. लांबून. कुणालाच कळणार नाही. ती काय करेल ते एकदाच करेल. असं परत जन्मात मिळणार नाही. तुम्हालाच हवं होतं ना हे? ती पाठ?"

 मी साकेंकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, हे आता हो म्हणतात. खोटं कशाला सांगू, मला तसंच वाटलं, कारण त्यांनी शामिरबेककडे बघितलं नव्हतं, खिडकीतून त्या गोठ्याकडे बघितलं होतं. माझ्या हातातली इस्त्री अजून तापलेली होती, आणि ते हो म्हणाले असते तर मी ती कुणाला तरी फेकून मारली असती.

मग ते म्हणाले, "कॅमेऱ्यातली फिल्म काढ."

"साके, ऐका तरी..."

"उन्हात काढ. माझ्यासमोर." बाहेर ऊन उरलेलंच नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन पेटी उघडली आणि फिल्म ओढून जमिनीवर टाकली. शामिरबेक शिव्या देत बाहेर गेला. साके तिथेच खाली बसले आणि मला म्हणाले, "मी खिडकीतून बघितलं तेव्हा कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवत होतो, कुलिपा." 

त्या संध्याकाळी मला आपाच्याच घरी परत जायचं होतं. डोकं दुखतंय म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती माझ्या कपाळाला लोणी चोळत होती आणि जेकशेनला कुठली मुलगी शोभेल ते सांगत होती.

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा ती दूध तापवत होती. तिन्ही म्हातारे फाटकातून अंगण ओलांडून घरात आले, ओस्मोनाली आके पुढे, मागे दोघं, तालमीत यायचे अगदी तसेच. त्यांच्या मागे भिंतीला टेकून साके. आपानं वर बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आत्ताच? तो शामिरबेक तर म्हणाला, ऊन चढल्यावर." तिनं झग्याला हात पुसले. "थांबा, दूध उतरवते. कुलिपा, नुसती तालीम आहे ना? मग हेच कपडे चालतील ना?"

मी पुढे होऊन दूध उतरवलं. ती गेली आणि तिच्या ठरलेल्या जागी बसली, डोक्याचा रुमाल सारखा केला, पाठ दाराकडे केली. म्हातारे बसले. चहा कुणी मागितला नाही. ओस्मोनाली आकेंनी दाढीवरून हात फिरवला. जन्मभर त्यांनी हे काम केलं होतं, खोऱ्यातल्या किती घरांत केलं असेल. त्यांनी मुद्दाम वेगळी सुरुवात केली.

"ऐमकान, ज्याचा घोडा खिंडीत राहिला, त्यानं..."

"आके, गरुड," आपा पुटपुटली. "घोडा नाही. गरुड म्हणा."

ओस्मोनाली आके थांबले. त्यांनी दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. "घरातलं झाड..." त्यांनी पुन्हा सुरू केलं.

"अहो आके, विसरलात की काय? गरुड! हातावरचा गरुड उडाला." तिनं मान वळवून साकेंकडे बघितलं आणि हसली. "म्हातारपण रे, साके. तू रागावू नकोस त्यांना."

काय करणार होते ते? आमच्याकडे सांगायची ही एकच रीत होती आणि ती आम्ही तिच्यासमोर दहा वेळा खेळून टाकली होती. ओस्मोनाली आकेंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हातावरचा गरुड उडाला आणि परत आला नाही, तर पारध्यानं काय करावं?"

"वाट बघावी," आपा म्हणाली. चांगलं म्हणाली. पुढचंही सगळं म्हणाली, गप्प राहायचं तिथे गप्प राहिली, मोजा काढून ठेवायचं वाक्यही बोलली. मग साकेंकडे बघत हात झटकून उठायला लागली. "आज रडू नाही आलं बघ, पोरा. कॅमेरा असला की येईल." आणि तेवढ्यात तिचं लक्ष ओस्मोनाली आकेंकडे गेलं. म्हातारा हुंदके देत होता, दाढी भिजली होती. "अगं बाई! आकेंना बघा! आज काय जमलंय त्यांना! असंच करा हं मग दुपारी."

मी तोंडात रुमाल कोंबला. तिन्ही म्हाताऱ्यांनी कलपाक, त्या उंच लोकरी टोप्या, काढून मांडीवर ठेवले होते. मग सगळे साकेंकडे बघायला लागले. शब्दांचा माणूस तोच होता ना तिथे.

साके पुढे आले आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, आता हे काहीतरी शोधून काढतील. एवढ्या गोष्टी रचल्या, एवढ्या वाटा काढल्या, इथेही एखादी असेल. 

"आपा," ते म्हणाले, "आज शूटिंग नाही. कॅमेरा नाही. जेकशेन गेला. काल डोलोनच्या घाटात ट्रक दरीत पडला. दुपारी त्याला आणतील."

आपानं आधी माझ्याकडे बघितलं, मग परत साकेंकडे. तिच्या ओठांवर अजून ते मघाचं हसू थोडंसं होतं.

"हे चांगलं नाही लिहिलंस," ती म्हणाली.

"आपा..."

"असं कुणी सांगतं का? एवढा शिकलेला तू. असं उघडंवाघडं? आईला?" तिनं त्यांची बाही धरली. "ते गरुडाचं चांगलं होतं. तेच ठेव. हे बदल."

साकेंनी नाही म्हणून मान हलवली. 

"तू लिहितोस ना? तूच लिहितोस ना सगळं? मग बदल की. एवढंच बदल, पोरा. बाकी मी सगळं करते, म्हणशील तसं करते. एवढं बदल." ती त्यांची बाही ओढत होती, बाहीची शिवण उसवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"हे मी लिहिलेलं नाही, आपा," साके म्हणाले.

तिनं बाही सोडली. हात मांडीवर ठेवले. मग ओस्मोनाली आकेंकडे वळली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आके, परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. मघाशी मी ऐकलंच नाही."

ओस्मोनाली आकेंनी डोळे पुसले, कलपाक डोक्यावर घातला आणि नीट बसले. साके उठून बाहेर गेले. अंगणाच्या भिंतीशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"ऐमकान," म्हातारा म्हणाला, "हातावरचा गरुड उडाला आणि परत आला नाही, तर पारध्यानं काय करावं?"

"वाट बघावी," आपा म्हणाली, आणि मग ती जी ओरडली ते नदीपलीकडच्या घरांपर्यंत ऐकू गेलं.